सुट्टीचं दळण

नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे, आणि त्याखाली थोडासा रागही आहे. आदर यासाठी, की १८८४ साली त्यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन आठवड्याची सुट्टी मागितली आणि सहा वर्षं पिच्छा पुरवून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. राग यासाठी, की एवढ्या सगळ्या खटाटोपात गिरणीमालकाच्या सुट्टीचा विषय कुठेच निघाला नाही.

मी गिरणीमालक आहे. मुंबईच्या गिरणीमालकांकडे चिमण्या होत्या, भोंगे होते, बंगले होते. माझी गिरणी पिठाची. साताऱ्यातल्या एका बोळात तळमजल्याला दहा घोड्यांची मोटर, दोन चक्क्या, कोपऱ्यात मिरचीचा डंक, एक वजनकाटा, भिंतीवर एक कॅलेंडर आणि या सगळ्याच्या मधोमध मी. वरच्या मजल्यावर आमचं घर. कामगारवर्ग म्हणाल तर एकटे तात्या. ते आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, काळापासून आहेत आणि बोलायचे पैसे पडत असल्यासारखे गप्प असतात.

कायदाही बघून झाला. पूर्वी, म्हणजे १९४८ च्या कायद्याप्रमाणे, दुकानांना आठवड्यातून एक दिवस टाळं लावावंच लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मोकळीक दिली, मात्र कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती द्यायला सांगितलं. मी तो कायदा मालकाच्या विश्रांतीसाठी चाळून पाहिला. मालक त्यात जागोजागी आहे, पण मुख्यतः नोंदणी आणि दंडाच्या कलमांत. त्याने झोपावं, बायकोबरोबर फिरायला जावं किंवा निदान बसून जेवावं, अशी एकही तरतूद सापडली नाही. तात्यांना गुरुवारी सुट्टी असते. तात्यांच्या सुट्टीच्या दिवशी तात्यांचं कामही मीच करतो. त्यामुळे गुरुवारी मी माझा मालकही असतो आणि नोकरही, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही.

पीठगिरणीचा धंदा बाहेरून फार सोपा दिसतो. वरून धान्य ओता, खालून पीठ घ्या. पण कशानंतर काय दळायचं यात सगळी विद्या आहे. बाजरीच्या पाठोपाठ गहू टाकला की चपात्या राखाडी होतात आणि ती बाई सासूला घेऊन येते. बेसनानंतर ज्वारी टाकली की भाकरी थापताना कळतं. उपवासाचा राजगिरा नि शिंगाडा असेल तर चक्की झाडूनपुसून घ्यावी लागते, नाहीतर कुणाच्या तरी एकादशीचं पाप आपल्या खाती जमा. दिवसभर उडणारं पीठ डोक्यावर, भुवयांवर, चहात, जमाखर्चाच्या वहीत. माझे केस नेमके कधी पिकले हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

त्यात लोकांचा सण तो आमचा घाम. दिवाळीत चकलीची भाजणी. आषाढीला नि श्रावणात उपवासाची पिठं. नवरात्रात तीच पुन्हा. उन्हाळ्यात पापडाची उडीदडाळ, आणि डंकावर मिरची. त्या महिन्यात बोळातली माणसं शिंकत शिंकतच एकमेकांची विचारपूस करतात. आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावतात, शिंगं रंगवतात, त्या दिवशी त्याला कुणी कामाला जुंपत नाही. बैलाच्या सुट्टीनिमित्त घरोघरी पुरणपोळ्या होतात, आणि पुरणपोळ्यांसाठी आदल्या दिवशी आख्खा गाव गहू घेऊन माझ्या दारात उभा असतो. एकदा मी सहज म्हणालो, की आपल्यापेक्षा बैल बरा. रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “बैल बोलत नाही, म्हणून त्याला सुट्टी देतात.” हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. ते पुढे फार महागात पडलं.

आण्णांनी चाळीसेक वर्षं गिरणी चालवली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, चक्क्यांना हळदकुंकू वाहून मोटर बंद ठेवायची, एवढीच त्यांची सुट्टी. तीही यंत्राची, आण्णा दिवसभर यंत्रासमोर खुर्ची टाकून बसत. धंद्याचं एकच वचन त्यांनी मला दिलं: “गिरणी एक दिवस बंद ठेवलीस, की गिऱ्हाईक दुसरी वाट शिकतं.” आता तर दुसरी वाट शिकायला घराबाहेरही पडावं लागत नाही. घरघंटी नावाचं कपाटाएवढं यंत्र लोक हप्त्यावर आणतात, आणि तयार पिठाची पिशवी वाण्याकडे असतेच. त्यामुळे ताप आला तरी मी शटर उघडतो. लग्नातली अक्षता टाकून जेवणाआधी परततो. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ती झाड झाली होती असं मला सांगितलं गेलंय. ती पुढे शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तरी मी तिला झाड म्हणून पाहायचा राहिलोच.

माझी तब्येत आधी डॉक्टरांच्या लक्षात आली. पट्टा दंडाला गुंडाळून त्यांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि गंभीरपणे म्हणाले, “हे बघा, औषध देतो, पण खरं औषध आराम. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. कामाचा विचारसुद्धा नाही.” मला एकदम भरून आलं. एवढ्या आपुलकीने माझ्या आरामाविषयी कुणी बोललंच नव्हतं. मी दारापर्यंत गेलो तोवर मागून आवाज आला, “बरं, आमचा डबा सकाळी ठेवलाय. आज होईल ना?”

घरी मात्र डबा नव्हता, तडाखा होता. इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं. चक्कीच्या दगडाची धार गेली की तो दळत नाही, नुसता घासतो. पीठ हाताला चटका देईल इतकं गरम येतं, मोटर जास्त वीज ओढते, आणि त्या पिठाच्या चपात्या वातड होतात. मग चक्की खोलायची, वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि छिन्नी-हातोडीने त्याच्या खाचा पुन्हा जिवंत करायच्या. याला आम्ही टाकी लावणं म्हणतो. तेवढा वेळ गिरणी बंद राहते आणि कुणीही कुरकुर करत नाही. डॉक्टरांचं ऐकून बायको म्हणाली, “दगड तापला की गिरणी बंद ठेवून त्याला टाकी लावता. तुम्ही दिवाळीपासून तापलेले आहात. तुम्हाला कधी लावायची?” मी हसलो. ती हसली नाही. “छिन्नी कुठल्या खणात आहे ते मला माहीत आहे,” एवढं बोलून ती आत गेली.

लोखंड्यांना साडेपाच हजार सह्या लागल्या होत्या. माझं काम एकाच सहीत झालं.

प्रश्न वाराचा होता. मी कॅलेंडरसमोर उभा राहिलो. शनिवार-रविवार बाद, कारण नोकरदार बायका त्याच दिवशी दळणाला येतात. निदान त्यांचे नवरे येतात, आणि कोणता डबा कशाचा हे विचारायला तिथूनच घरी फोन लावतात. सोमवार बाद, कारण रविवारी पाहुणे जेवून गेलेले असतात आणि घराघरांतल्या पिठाच्या डब्याचा तळ दिसत असतो. मंगळवारी शाळांची खिचडी-भाकरी करणाऱ्या बचत गटाचं पोतं येतं. बुधवारी बंद ठेवायला काही कारणच सापडेना, आणि कारण नसताना बंद ठेवलं तर लोक काहीतरी वाईट झालं असं समजून भेटायला येतात. गुरुवार तात्यांचा. शुक्रवारी खानावळवाल्या वहिनींचं आठवड्याचं दळण. म्हणजे आठवड्याला आठवा वार असता तर मी तो ताबडतोब घेतला असता. शेवटी सोमवारावर बोट टेकवलं, कारण सोमवारी माझा उपवास असतो आणि निम्मी शक्ती आधीच गेलेली असते.

रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. ‘दर सोमवारी गिरणी बंद राहील.’ पाटी लागली त्या दिवशी गल्लीतल्या यच्चयावत माणसांनी ती वाचली, चांगलं केलंत म्हणून पाठ थोपटली आणि सोमवारी सकाळी डबे घेऊन हजर झाली. पाटी दुसऱ्या लोकांसाठी आहे, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती. शटर बंद दिसल्यावर त्यांनी डबे पायरीवर रांगेने मांडले. स्टीलचे, पितळी, जुने तुपाचे, रंगाच्या बादल्या. प्रत्येकात धान्यावर खोचलेली एकेक चिठ्ठी. वरून गॅलरीतून ती रांग मला दिसत होती. ‘माझं लक्ष नाही’ असं स्वतःला बजावत मी पेपर वाचत होतो आणि पेपरावरून डबे मोजत होतो.

न राहवून खाली उतरलो. नुसत्या चिठ्ठ्या वाचू, दळायचं नाही, असं ठरवून. पहिली चिठ्ठी: ‘गहू. मध्यम. सावकाश दिलं तरी चालेल. ११ वाजता येते.’ दुसरी: ‘बाजरी. घाई नाही. मुलगा शाळेत जायच्या आत हवं.’ तिसरी डॉक्टरांकडची, त्यांच्या औषधाच्या कागदावर, त्यामुळे वाचता येईना. चौथीत माझ्यासाठी खास मजकूर होता: ‘आज तुमची सुट्टी आहे असं कळलं. छान. आराम करा. बारीक दळा.’

दुपारपर्यंत मी सगळं दळून टाकलं होतं. शटर अर्धं खाली ओढून, चोरून दळत होतो. म्हणजे इतर दिवशी पैसे घेऊन राजरोस करतो ते काम सुट्टीच्या दिवशी गुन्हेगारासारखं केलं. बायकोने वरून आवाज दिला, “मोटर कसली चालू आहे?” मी म्हणालो, “टाकी लावतोय.”

मग मी मोठी उडी सोडून छोटी घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या दुकानदारांनी ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीची जी परंपरा निष्ठेने जपली, तिची उभ्या महाराष्ट्राने टिंगल केली. मी तर साताऱ्याचा, म्हणजे टिंगलीत पुढे. पण वयाच्या या टप्प्यावर त्या पाटीमागची थोरवी मला पटली. गोव्यात तर सगळा बाजार दुपारी डोळा मिटतो आणि कुणाचंही राज्य बुडत नाही. तेव्हा रोज दुपारी दोन तास वामकुक्षी. मुलीने पुण्याहून फोनवर मार्गदर्शन केलं. तिच्या कंपनीत वर्क-लाइफ बॅलन्सवर शिबिर झालं होतं. “बाबा, झोपायच्या आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. खोलीत अंधार करायचा. आणि दीर्घ श्वास घ्यायचा.” मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, अंधार केला, दीर्घ श्वास घेतला आणि खोकलो, छातीतून गव्हाचं पीठ आलं असावं.

झोप मात्र लागेना. अंधारात मला जास्त ऐकू येऊ लागलं. खाली तात्या चक्की चालवत होते. आवाजावरून ते काय दळतायत हे मला कळतं. गहू एका सुरात जातो, हरभरा दाणदाण वाजतो, तांदूळ चरचरतो. मी डोळे मिटून ओळखत पडलो. हा गहू. हा गहू संपला. आता तांदूळ. आता... हरभरा? तांदळाच्या चक्कीवर हरभरा? मी अंथरुणातून उठून, लुंगी सावरत जिना उतरून खाली. तात्यांनी हरभरा शेजारच्या चक्कीवर टाकला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. असं दररोज चाललं. वामकुक्षीमुळे जिन्याच्या फेऱ्या वाढल्या आणि पुढच्या तपासणीला रक्तदाबही.

शेवटी बायकोने सूत्रं हाती घेतली. गणपतीपुळ्याचं बुकिंग केलं, एसटीची तिकिटं काढली आणि मला फक्त तारीख सांगितली. “इथे राहून तुम्हाला आराम मिळणार नाही. तुम्हाला गिरणीपासून लांब न्यायला हवं,” ती म्हणाली.

निघायच्या आधी मी पूर्ण तयारी केली. तात्यांना सूचनांची वही लिहून दिली. कुणाचा गहू कसा, कुणाला बारीक, कुणाला रवाळ, कुणाच्या डब्याचं झाकण कसं बसतं, कोण पैसे नंतर देतं आणि कोण नंतरही देत नाही. तात्यांनी वही घेतली आणि वजनकाट्याच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवली. काटा प्रथमच सरळ उभा राहिला. शिवाय मी कॅमेरा बसवून घेतला. मोबाइलवर गिरणी थेट दिसणारा. बसवणाऱ्या मुलाने इकडेतिकडे पाहून विचारलं, “काका, इथे खूप धूळ असते का?” मी दुखावून म्हणालो, “धूळ नाही, पीठ असतं.”

एसटी उंब्रज सोडून पाटणच्या रस्त्याला लागली तोवर चित्र स्वच्छ होतं. तात्या, चक्की, डबे, अगदी कॅलेंडरची तारीख. कोयनानगर गेलं, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि रेंज गेली. घाटाच्या दऱ्या, ढग, झाडी बघून बायको खिडकीशी हरखून गेली होती. मी फोन खिडकीबाहेर, डोक्यावर, एकदा तर पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या टोपीवर धरून पाहिला. चिपळूणला रेंज आली. कॅमेरा उघडला आणि पोटात गोळा आला. पडदा पांढराफटक. गिरणी नाही, तात्या नाहीत, काही नाही.

मला प्रथम आग वाटली. पीठ हवेत उडतं तिथे ठिणगी वाईट, हे या धंद्यात जन्मलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तात्यांना फोन लावला. मोटर चालू असताना तात्यांना फोन ऐकू येत नाही आणि बंद असताना ते फोन घेत नाहीत. कॅमेरावाल्या मुलाला लावला. तो शांतपणे म्हणाला, “काका, काचेवर पीठ बसलंय. पुसायला सांगा.” कुणाला सांगणार? मी समोरच्या शिलाईवाल्यांना लावला. ते म्हणाले, मशीनवर ब्लाउज आहे, सांगतो. मग गणपतीपुळ्यापर्यंत मी तो पांढरा पडदा बघत राहिलो. समुद्र दिसायला लागला तेव्हाही पडद्यावरच नजर होती. बायको म्हणाली, “समुद्र.” मी म्हणालो, “अजून पुसलं नाही.”

गणपतीपुळ्याला टेकडीलाच देव मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा टेकडीभोवती घालायची असते. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, वारा भरपूर, आणि मन प्रसन्न होऊ नये असं तिथे काहीही नाही. मी प्रदक्षिणा फोन डोळ्यांसमोर धरून घातली. अर्ध्या वाटेवर पडदा अचानक हलला. एक मोठा हिरवा पदर काचेवरून फिरला, मग एक डोळा आला, मग खानावळवाल्या वहिनींचा आख्खा चेहरा. त्यांनी काचेत बघून केस सारखे केले आणि बाजूला झाल्या. मागे गिरणी होती. चक्क्या चालू, डबे भिंतीला ओळीने, बाकावर बायका बसलेल्या. तात्या चहा पीत होते. आणि सगळ्या हसत होत्या. तात्या काहीतरी सांगत होते! ज्या माणसाने माझ्याशी कैक वर्षांत ‘हो’, ‘न्हाई’ आणि ‘लाइट गेली’ याच्यापलीकडे शब्द खर्चला नाही, तो गिरणीत विनोद सांगत होता. आवाज येत नव्हता. मी फोन कानावर दाबून बघितला. कॅमेऱ्याला आवाजाची सोय मीच घेतली नव्हती. त्याचे जास्त पैसे होते.

त्या रात्री झोप लागली नाही. लाटांचा आवाज नुसता ये-जा करतो, त्यात दळलं काहीच जात नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर, उतरलो होतो त्या घराच्या मागच्या बाजूने ओळखीची धडधड ऐकू आली. बायकोला “जरा पाय मोकळे करतो” म्हणालो आणि आवाजाच्या मागे गेलो. आंब्याच्या झाडाखाली, जांभ्याच्या भिंतीची भातगिरणी. एक गृहस्थ उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून, यंत्राशेजारी बसलेले. पट्टा थोडा सरकत होता. मला ते बघवेना. मी ओळखदेख न करता आत शिरून म्हणालो, “पट्टा ढिला पडलाय तुमचा.”

“असू दे,” ते म्हणाले. “गेल्या पावसापासून आहे.”

मी त्यांना मोटर थोडी मागे घ्यायला लावली, बोल्ट आवळले, पट्टा बसवला, वरून आवाजाची परीक्षाही केली. साताऱ्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. रक्त कसं सुरळीत वाहत होतं. मग कोपऱ्यातली तांदळाच्या पिठाची चक्कीही नजरेला पडली आणि मी तिच्याकडे वळलो, एवढ्यात गृहस्थांनी मोटर बंद केली, दार ओढलं आणि कडीला कुलूप अडकवलं.

“काय झालं?”

“एक वाजला. आता जेवण, मग पडायचं. चारला उघडू.”

“पण बाहेर भाताची पोती पडली आहेत!”

“पडू देत. तीही पडलीत, मीही पडतो.” मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. “तुमचा व्यवसाय काय?”

“गिरणी आहे. साताऱ्याला.”

“मग इकडे कशाला आलात?”

“आरामाला.”

त्यांनी माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे बायको उभी होती. किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. पहिल्या भेटीत इतकं एकमत झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मी सोलकढी प्यालो आणि संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा झोपलो. फोन बायकोच्या पर्समध्ये होता, पर्स डोक्याखाली होती, आणि डोकं तिचं होतं.

परतलो तेव्हा काळीज धडधडत होतं. मधल्या काळात गिऱ्हाईक दुसरी वाट शिकलं असणार, आण्णांचं वचन खरं झालं असणार. गिरणीत पाऊल टाकलं तर सगळं जागच्या जागी. गल्ला मोजला. नेहमीपेक्षा जास्त भरला. पुन्हा मोजला, तरी जास्तच. एकाही डब्याची अदलाबदल नाही, एकही सासू नाही. तात्यांनी सकाळीच धान्यवार डबे लावून घेतले होते, आधी सगळे गहू, मग ज्वारी, शेवटी बाजरी, त्यामुळे काम झपाट्याने उरकत होतं. मी डबे माणसावार लावतो. म्हणजे जिच्याशी बोलायचंय तिचा शेवटी.

माणसाला आपल्या गैरहजेरीत नुकसान झालं तर वाईट वाटतं असं म्हणतात. फायदा झाला तर काय वाटतं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. मला दोन घास कमी गेले. इतकी वर्षं आपण गिरणी चालवतोय असं मी समजत होतो. प्रत्यक्षात मी ‘माझ्यावाचून अडतं’ हे दळत होतो, आणि ते पीठ मी एकटाच खात होतो.

शुक्रवारी खानावळवाल्या वहिनी आल्या आणि आल्या आल्या विचारलं, “आता परत कधी जाताय गणपतीपुळ्याला?” मला बरं वाटलं. म्हटलं, लोकांना काळजी आहे आपल्या तब्येतीची. पाठोपाठ बँकेतल्या साहेबांनी तेच विचारलं. संध्याकाळी आजींनी विचारलं. डॉक्टरांनी तर “या वेळी जरा लांब जा. केरळ छान आहे,” असं सुचवलं. तेव्हा कुठे मला शंका आली. शिलाईवाल्यांनी खरं ते सांगितलं, कारण त्यांना माझ्याकडे दळायला काही नसतं. “राग मानू नका. तुम्ही डब्यात हात घालता, गहू किडका आहे म्हणता, भाव काय पडला विचारता, गेल्या वर्षी कुठून आणला होतात ते सांगता, मग आण्णांच्या वेळचा गहू कसा होता ते सांगता. बाईला घरी कुकर लावायचा असतो हो. तात्या दळतात आणि देतात.”

मी वर जाऊन बायकोला हे सांगितलं, सहानुभूतीच्या अपेक्षेने. ती म्हणाली, “हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.”

हिशेब धंद्याच्या माणसाचा. गिऱ्हाइकाची मागणी आहे, तर माल द्यायलाच हवा. तात्यांचा पगार वाढवला. ‘दर सोमवारी गिरणी बंद राहील’ ही पाटी रंगाऱ्याकडे परत नेली आणि तेवढ्याच जागेत नवा मजकूर लिहून आणला: ‘दर सोमवारी मालक बंद राहील. गिरणी चालू.’ पाटी लागल्यापासून सोमवारी आमच्या दारात शुक्रवारपेक्षाही मोठी रांग असते. मी वर गॅलरीत पेपर वाचतो. डबे मोजत नाही. मोजण्याच्या पलीकडे गेले आहेत.

राहिला गुरुवार. त्या दिवशी तात्यांची हक्काची सुट्टी, गिरणीत मी एकटा. पूर्वी गुरुवारी माझी कंबर मोडायची. आता लोक शहाणे झालेत. बुधवारी संध्याकाळी तात्यांकडून दळून नेतात, नाहीतर शुक्रवारपर्यंत थांबतात. गुरुवारी सकाळपासून फार तर एखादा नवखा भाडेकरू येतो, त्यालाही माझा गव्हाचा इतिहास सांगून झाला की तो पुन्हा येत नाही. त्यामुळे सोमवारी मी नसतो म्हणून आराम मिळतो, आणि गुरुवारी मी असतो म्हणून. लोखंड्यांना सहा वर्षांत आठवड्याची एक सुट्टी मिळवता आली. मला आता दोन आहेत.